उजव्या हाताचा जबाब

११ जानेवारी

वर मायना लिहिलेला नाही. 'चिरंजीव' लिहिलं तर तू म्हणशील, ही कोण मला आशीर्वाद देणारी. आणि नुसतं नाव लिहिलं तर बँकेचं पत्र वाटतं. तेव्हा सरळ कामाचं लिहिते.

मी तुझ्या बाबांची बायको. अक्षर तुझ्या ओळखीचं नाही म्हणून सांगितलं. आपली शेवटची गाठ ऑक्टोबरात पडली, बाबांना पोचवलं त्या दिवशी. तू मामाच्या गाडीतून आलीस आणि त्याच गाडीतून गेलीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाडीत बसताना 'येते, मावशी' म्हणालीस तेवढं मी ऐकलं.

काम असं आहे. तुझ्या कंपनीचा तो खेळ, पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या एकमेकांवर गोळ्या झाडतात तो, तुझे बाबा खेळत होते. आजारपणानंतर. तुला हे ठाऊक नसणार, कारण त्यांनी मला कुणाला सांगू दिलं नाही. खेळातलं त्यांचं नाव 'गंजका बोल्ट'. गेल्या जूनमध्ये त्या खात्यावर कायमची बंदी आली. कारण दिलंय ते असं: 'नेम धरून देणारा अनधिकृत प्रोग्राम वापरणे.' आणि ते तुमच्या बंदीवाल्या यादीत सगळ्या जगाला वाचता येतं.

बाबांनी असला प्रोग्राम वापरला नाही. आमच्या घरातल्या कम्प्युटरवर तो कधीच नव्हता. तुमच्या तक्रारीच्या पानावर मी लिहून पाहिलं. दर वेळी उत्तर येतं, 'तुमच्या भावना आम्ही समजतो.' भावना समजू नका म्हणावं, कारण समजून घ्या.

तू तिथे चोर पकडायच्या खात्यात आहेस असं बाबा सांगत. म्हणून तुला लिहिते. गेलेल्या माणसाच्या नावावर लबाडी राहू नये एवढंच माझं म्हणणं. फोनवर तू 'हं' म्हणतेस आणि मी पुढचं विसरते, म्हणून पत्र.

बाकी ठीक. तुझ्या खोलीत पंख्याचा आवाज येत होता, तो दुरुस्त करून घेतला.


२ फेब्रुवारी

तुझा ईमेल मिळाला. खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, कारण मला कागदावर वाचल्याशिवाय वाचल्यासारखं वाटत नाही. काही शब्द अडले. शब्दकोशात अर्धे सापडले, उरलेले झेरॉक्सवाल्याने सांगितले. तो म्हणाला, "आजी, अँटी-चीट म्हणजे पोलीस. पण कम्प्युटरच्या आत राहणारा." म्हटलं, "बरा आहे, घरभाडं पडत नाही."

तू प्रामाणिकपणे लिहिलंस की त्या खात्याची तपासणी तुझ्याच टेबलावर आली होती आणि बंदीवर सही तुझी आहे. 'गंजका बोल्ट' म्हणजे बाबा हे तुला माहीत नव्हतं. ते मला पटतं. सहीच्या जागी नुसता आकडा होता, मला तरी कुठे माहीत होतं ती तुझी म्हणून.

तू पुढे जे लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमचं यंत्र खेळणाऱ्याचे दोन्ही हात बघतं. डावा हात कीबोर्डवर, तो माणसाला चालवतो, पळवतो, वळवतो. उजवा हात माउसवर, तो नेम धरतो आणि गोळी झाडतो. बोल्टचा डावा हात चुका करायचा, एका बटणाऐवजी दुसरं दाबायचा, थबकायचा. तो माणसाचा हात, यात शंका नाही. पण उजवा हात मेल्यासारखा पडून राहायचा. शत्रू समोर दिसत असूनही हलायचा नाही. मग एकाएकी सरळ रेषेत जायचा, बरोबर जागी थांबायचा, गोळी सुटायची, आणि पुन्हा मेलेला. तुझंच वाक्य लिहिते: 'माणसाचा हात विश्रांतीतही थोडा हलतो. हा हलत नाही. म्हणजे डावा हात माणसाचा आणि उजवा प्रोग्रामचा.'

तुझं निरीक्षण चोख आहे. निष्कर्ष चुकला. तो उजवा हात माझा.

मागच्या पत्रात मी हे सांगितलं नाही. वाटलं, न सांगता काम झालं तर बरं. आता सविस्तर सांगते.

झटक्यानंतर बाबांची उजवी बाजू गेली हे तुला माहीत आहे. वाचाही गेली, हे तू ऑक्टोबरात कुणाकडून तरी ऐकलं असशील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना बोलतं ठेवा. काहीही बोलू देत, पण बोलू देत." मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, रेडिओ लावला, मुद्दाम भांडण काढून पाहिलं. ते नुसते बघत. मग व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, डाव्या हाताच्या बोटांसाठी कीबोर्ड चांगला. बाबांनी कपाटाकडे बोट दाखवलं. तुझा जुना कम्प्युटर तिथे होता. दुरुस्तीवाल्याने तो चालू केला आणि त्यांना काय हवंय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी तुझ्या कंपनीचं नाव डाव्या हाताने, वाकडंतिकडं, कागदावर लिहिलं.

डाव्या हाताने माणूस चालायला लागला. पण गोळी कोण मारणार? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला नाही जमायचं, मी झुरळ मारत नाही." त्यांनी माझी खुर्ची डाव्या हाताने ओढली, स्वतःच्या उजवीकडे.

असे आम्ही बसायचो. त्यांच्या मेलेल्या हाताच्या जागी माझा हात. ते सांगत आणि मी करत असे. त्यांच्याकडे आधी तीन शब्द होते. 'दार', म्हणजे त्या दारावर नेम धरून ठेव. 'थांब'. आणि 'घे'. शत्रू मला दिसला तरी 'घे' म्हटल्याशिवाय मी मारत नसे. एकदा मारला आपल्या मनाने, तर ते इतके चिडले की पाण्याचा पेला सांडला. नंतर उमगलं. बंदरावर त्यांनी आयुष्यभर क्रेनला खालून इशारे दिले. वर बसलेल्याला काय दिसतं याला काही किंमत नसते. खालच्या माणसाने हात वर केल्याशिवाय क्रेन हलत नाही, नाहीतर माणसं मरतात.

आणि माझा हात का हलत नाही म्हणशील, तर मी लग्नाआधी आणि नंतरही फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर काम केलं. उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि बारीक ब्रशने चेहऱ्यावरचे डाग, ओरखडे भरायचे. आमचे मालक म्हणत, "ब्रश टेकवायच्या आधी हात मेलेला पाहिजे. जिवंत हात नाक वाकडं करतो." ती सवय गेली नाही. स्टुडिओ बंद पडला, सवय राहिली.

तर प्रोग्राम नव्हता. हे तुझ्या वरिष्ठांना सांगावं.


१७ फेब्रुवारी

काल फोनवर आपलं बरंच बोलणं झालं. एवढं आपण पूर्वी कधी बोललो नव्हतो, भांडण म्हणून का होईना. पण मी फोनवर हरते, तेव्हा माझी बाजू इथे मांडते.

तू म्हणालीस, "मावशी, समजा तुम्ही म्हणता तसंच झालं. तरी नियमात आहे, एक खातं एक माणूस. दोघांनी मिळून खेळणंसुद्धा बंदच. बंदी तशीही आलीच असती."

मी म्हटलं, "मग येऊ दे ना."

तू म्हणालीस, "म्हणजे? तुम्हाला बंदी उठवून हवी आहे ना?"

"नाही."

"मग हा सगळा खटाटोप कशासाठी?"

मी म्हटलं कारण बदलून हवंय, आणि तू हसलीस. कुत्सितपणे नाही, दमल्यासारखी. म्हणालीस, "फाशी झाल्यावर कलम बदलून काय होतं?"

तेव्हा सुचलं नाही, आता लिहिते. तुमची नियमावली मी पूर्ण वाचली आहे. तुमच्या लाखो खेळाडूंत ती पूर्ण वाचणारी बहुधा मी एकटीच. लग्नानंतर वाचनालयाचं कार्ड काढलं तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा. नियम वाचल्यावर मला कळलं की आम्ही तो मोडला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली असं मी म्हणत नाही, आम्ही संन्यासी नव्हतोच. पण जे केलं ते एक, आणि लिहिलंय ते दुसरं.

आणि आता खरं सांगते. पहिल्या पत्रात मी बाबांच्या नावाचं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण तो पडदा होता. बाबांच्या नावाला काय व्हायचंय? गंजका बोल्ट म्हणजे कोण हे चार भिंतींबाहेर कुणालाच ठाऊक नाही.

मला टोचतं ते माझं. आमच्या लग्नाला तू आली नाहीस. नंतर दोनदा आलीस ती तुझी पुस्तकं न्यायला. मामाने 'मावशी म्हण' सांगितलं म्हणून मावशी म्हणतेस. ते चालतं. सख्ख्या आईची जागा कुणी मागितली नव्हती, मला माझी खुर्ची पुरेशी होती. पण शेवटची जवळजवळ दोन वर्षं मी त्या खुर्चीवर बसून त्यांचा हात झाले. त्या माणसाने जगाला जे काही केलं ते माझ्या हाताने केलं. आणि तू, त्यांची लेक, सही करून म्हणालीस की तिथे कुणी नव्हतं. तो प्रोग्राम होता.

तुला माहीत नव्हतं. कबूल. आता माहीत आहे.


५ मार्च

तू विचारलंस, बंदी आली तेव्हा बाबा काय म्हणाले. मी मागे दोनदा याला बगल दिली. तू मुद्दाम विचारलंस म्हणजे बगल तुझ्या लक्षात आली. बापासारखीच आहेस, खालून सगळं बघतेस.

थोडं आधीपासून सांगते. तुला नोकरी लागली तेव्हा तू फोन केला होतास. ते म्हणाले, "खेळातले चोर पकडायला पगार देतात? उद्या पत्त्यातले पकडशील." तू फोन ठेवलास आणि मग केलाच नाहीस. मी त्यांना म्हटलं, "लेकीशी असं बोलतात?" ते म्हणाले, "गंमत केली. तिला गंमत कळत नाही." पण फोन करायचा सोडून ते आठवडाभर स्वतःशीच ती गंमत नीट करून बघत होते. 'पगार देतात? छान आहे की.' असं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आहे. फोन मात्र केला नाही. हट्टी माणूस.

खेळ सुरू झाल्यावर त्यांचे शब्द वाढले. 'डावीकडे'. 'मागे मागे'. 'गाढवा', हे आमच्या टोळीतल्या एकाला, तो बेकरीवाला होता आणि नेहमी उघड्यावर उभा राहायचा. त्याला ऐकू जायचं नाही, बोलण्यातला अडखळा कळू नये म्हणून त्यांनी आमचा माइक कायम बंद ठेवला होता. जिंकलो की बेकरीवाला लिहायचा, 'बोल्ट, जियो!' आणि बाबा डाव्या हाताने एकेक अक्षर शोधून लिहायचे, 'तू पण.' हे लिहीपर्यंत बेकरीवाला पुढच्या डावात मेलेला असायचा.

मग जूनमध्ये एके दिवशी दुपारी आम्ही जेवून बसलो, आणि खेळ उघडण्याऐवजी ती लाल चौकट आली. मी वाचून दाखवली. नेम धरून देणारा अनधिकृत प्रोग्राम. खाली बेकरीवाल्याचा निरोप होता, 'बोल्ट, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.'

मला रडू आलं. बाबांकडे बघितलं तर ते हसत होते. अर्ध्या तोंडाने, पण हसत होते. पडद्याकडे बोट करून म्हणाले, "पोरीनं. पकडलं."

मी म्हटलं, "अहो, चुकीचं पकडलंय. हा माझा हात आहे."

ते म्हणाले, "पकडलं. हुशार." आणि मांडीवर डावा हात आपटला, क्रेनने बोजा नीट ठेवला की आपटत तसा.

झटका आल्यापासून एका दमात ते इतके शब्द बोलले नव्हते. आम्ही दोघं इतके दिवस सफाईने खेळतोय आणि लेकीच्या यंत्राने काहीतरी ओळखलं, याचा त्यांना अभिमान वाटला. काय ओळखलं, बरोबर ओळखलं का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मी तक्रार लिहायला बसले तर त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. "तिचं काम," म्हणाले. म्हणजे तिच्या कामात हात घालू नको.

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. माझ्या हाताला यंत्र म्हटलं आणि माझाच नवरा टाळ्या वाजवतोय! त्याला पेढा भरवायचा की काय आता? जेवण वाढलं, औषधं दिली, पण बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढली. मी बसले. पण उघडायला काहीच नव्हतं. दुसरं खातं काढू म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाले. लेकीने पकडलंय तर पकडलंय.

त्यानंतर शब्द कमी होत गेले. बंदीमुळे असं मी म्हणत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या दुसरा झटका बारीक येऊन गेला असणार, आणि ते खरं असेल. तुझ्यावर हे ओझं टाकायला मी लिहीत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं. 'हुशार' हा शब्द तुझा होता, तो मी अडकवून ठेवला होता. रागाने. आता पोचवला.


२४ मार्च

तू म्हणालीस, रविवारी काय झालं ते सगळं तुमच्या कचेरीसाठी जबाब म्हणून लिहून द्या, मी तिथे होते हे विसरून लिहा. तसं लिहिते. तुला माहीत असलेलं पुन्हा वाचावं लागेल.

मी खाली सही करणारी, गंजका बोल्ट या खात्याच्या मालकाची पत्नी, सांगते की रविवारी सकाळी त्यांची मुलगी, जी आपल्या कंपनीत तपासनीस आहे, माझ्या घरी आली. तिने आपल्या वरिष्ठ बाईंची परवानगी घेऊन कंपनीचा लॅपटॉप आणला होता. त्यात गेल्या जूनमधलं तपासणीचं यंत्र होतं, जसंच्या तसं. तिचं म्हणणं, जुन्या खेळाच्या नोंदीत हात दिसतात, माणसं दिसत नाहीत. तेव्हा तोच हात पुन्हा यंत्रासमोर ठेवायचा आणि ते काय म्हणतं बघायचं. पण माझा हात एकटा काही करत नाही. डावीकडे कुणीतरी बसून सांगावं लागतं. म्हणून ती बसली.

पहिला डाव वाईट झाला. ती तरुण पोरांसारखी भराभर ओरडत होती, कुठल्या कोपऱ्यात कोण, किती जण, कुठून. मी विचारलं, "म्हणजे नक्की कुठे?" तेवढ्यात आम्ही मेलो. दुसऱ्या डावात मी भिंतीला गोळ्या घातल्या. ती म्हणाली, "मावशी, समोर होता तो!" मी म्हटलं, "तू घे म्हणाली नाहीस." ती म्हणाली, "ते काय सांगायला लागतं?" मी म्हटलं, "लागतं."

यंत्राला या डावांत संशयास्पद काही आढळलं नाही. चोर ठरायलाही थोडं खेळता यावं लागतं.

मग तिने डोकं धरलं. मी चहा केला. चहा पिताना मी तिला सांगितलं की तुझे बाबा ओरडत नसत. मला काय दिसतं ते ते विचारत नसत आणि त्यांना काय दिसतं ते सगळं सांगत नसत. हाताला हवं तेवढंच सांगायचे. ती म्हणाली, "म्हणजे मी गप्प बसून खेळू?" मी म्हटलं, "तू बघ. मी करते. दोघींनी दोन्ही करायला गेलं की गोंधळ होतो."

पुढच्या डावात ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळू म्हणाली, "दार." मी दारावर नेम ठेवला. दारातून एक डोकावला, गेला, पुन्हा डोकावला. मला दिसत होता. ती म्हणाली, "थांब." मी थांबले. त्यानंतर ती म्हणाली, "घे," आणि मी घेतला. तसे आणखी काही घेतले. डाव आम्ही हरलो, कारण तिचा डावा हात चालताना खड्ड्यात पडला, पण ते वेगळं.

लॅपटॉपवर निकाल आला तो मी वाचला आणि तिनेही वाचला. 'डावा हात: मानवी. उजवा हात: प्रोग्राम.'

तिने माझ्या हाताकडे बघितलं. हात माउसवर तसाच होता, काढायला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, हात काढा आता." मी काढला.

माझा जबाब एवढाच. गंजका बोल्टच्या खात्यावर प्रोग्राम वापरला नाही. दोन माणसांनी मिळून खेळून नियम मोडला. दुसरं माणूस मी. बंदीला माझी हरकत नाही.

सही केली आहे. जबाब इथे संपला, आता तुझ्यासाठी. तू विचारलंस की बोल्टच्या दोन हातांचा हा नमुना तुमच्याकडे नव्या लोकांना शिकवायला वापरतात आणि तो तूच निवडला होतास, तर आता त्यांच्यासमोर काय सांगू. मला तुमच्या कचेरीतलं काही कळत नाही. पण आमच्या मालकांनी एकदा एका बाईच्या गालावरचा तीळ डाग समजून भरला होता. बाई फोटो घ्यायला आली आणि म्हणाली, ही मी नाही. मालक म्हणाले, "बरोबर, चूक झाली," आणि नवी प्रत काढून दिली. नंतर ते आम्हा सगळ्यांना ती बिघडलेली प्रत दाखवून शिकवत. तीळ आणि डाग यातला फरक आम्ही तिच्यावरच शिकलो. तेव्हा नमुना काढून टाकू नकोस. त्याखालचं नाव बदल.


१८ एप्रिल

तुझा ईमेल आणि त्यासोबतचं पान, दोन्ही छापून आणलं. झेरॉक्सवाल्याने आता मला जागेवरच वाचायला खुर्ची दिली आहे.

आधी तुझं. नात्यातल्या माणसाचं खातं तुझ्या हातून तपासलं गेलं म्हणून चौकशी होईपर्यंत तुला तपासणीवरून बाजूला बसवलं, हे वाचून वाईट वाटलं. तू लिहिलंस, "होईल सगळं ठीक, नियमच तसा आहे." नियमाची बाजू घेणारी माणसं आपल्या घरात जरा जास्तच आहेत. वरिष्ठ बाईंनी तशा आणखी बंद्या शोधायला लावल्या, त्यात कुठे दोघी बहिणी निघाल्या आणि कुठे पायाने माउस चालवणारा एक जण निघाला, हे मात्र मला आवडलं. त्या पायवाल्याची बंदी उठवा. तो एकटाच आहे ना, त्याने काय नियम मोडला?

आता ते पान. यादीत आमची ओळ मी शोधली. 'गंजका बोल्ट. कारण: एका खात्यावर दोन खेळाडू. बंदी कायम.'

मी ती ओळ झेरॉक्सवाल्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, "आजी, बंदी तर आहेच की अजून." म्हटलं, "आहे. पण दोन लिहिलंय."

बेकरीवाल्यालाही ती दिसली असावी. यादीखाली लोक काहीबाही लिहितात तिथे त्याने विचारलं होतं, 'बोल्ट, दुसरं कोण होतं रे?' मी लिहिलं, 'बायको.' त्यावर त्याने विचारलं, 'आणि तू कुठे आहेस हल्ली?' ते मला लिहायला वेळ लागला. 'ते ऑक्टोबरात गेले. मी उजवा हात बोलतेय.' मग त्याने लिहिलं, 'काकू, मी नेहमी उघड्यावर उभा राहायचो ना?' मी लिहिलं, 'हो. तुला गाढव म्हणायचे.' तर म्हणाला, 'बरोबर म्हणायचे.'

तू लिहिलंस की पुढच्या महिन्यात चार दिवस येतेस. ये. कम्प्युटर तुझ्या खोलीत हलवू का तेही कळव, बैठकीत तो नुसता धूळ खातोय.

आणि तू विचारलंस, तुमच्या नावाने नवीन खातं काढून देऊ का, आता तुम्हाला खेळता येतं, नियमात बसून खेळा. तू प्रेमाने विचारलंस हे कळलं. खरं सांगू, परवा मी एकटी बसून बघितलं. बंदी नसलेल्या सरावाच्या मैदानात, जिथे कुणी खरं नसतं. उजवा हात माउसवर ठेवला, डावा कीबोर्डवर. समोर दार होतं. दारातून बाहुला आला, उभा राहिला, निघून गेला, पुन्हा आला. मला दिसत होता. हात तयार होता. मी 'घे'ची वाट बघत बसले.

तेव्हा खातं नको. एक खातं, एक माणूस, हा नियम आता मला मोडता येत नाही.